एका पाइपाची दोन तोंडं

लोहाऱ्यात तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान चालवणारे बलभीमराव आणि अंगणवाडीत बाई असलेली त्यांची बायको दैवशाला यांच्यात अबोला चालू होता. कारण सांगण्यासारखं नव्हतं. उमरग्याच्या एका लग्नात जेवणात बालूशाही होती, असं बलभीमराव म्हणाले. जिलेबी होती, असं दैवशाला म्हणाली. दोघं एकाच पंगतीत शेजारी बसून जेवले होते आणि दोघांनीही वाढप्याकडून दोनदा मागून घेतलं होतं. तरी गोष्ट बालूशाहीवरून दैवशालाच्या माहेरावर गेली, माहेरावरून बलभीमरावांच्या चष्म्यावर आली, आणि मग बंदच पडली.

पोरं पुण्याला असल्यामुळं निरोप पोचवायला घरात कुणी नव्हतं. त्यामुळं दोघंही कुणाकडं न बघता घराशी बोलत.

"या घरात मीठ संपलंय," दैवशाला फडताळाला सांगायची.

"या घरात कुणी आठवण केली तर मीठ येतं," बलभीमराव कॅलेंडरला सांगायचे.

अशात न्हाणीचं पाणी तुंबलं. आधी घोट्यापर्यंत थांबायचं आणि तासाभरानं उतरायचं. मग उतरेनासंच झालं. बलभीमरावांनी आंघोळ करता करता भिंतीला सांगितलं, की ज्याला दिसतंय त्यानं प्लंबर बोलवावा. दैवशालानं दोरीवरच्या टॉवेलला सांगितलं, की प्लंबर बोलवणं हे पुरुषाचं काम असतं, आमच्या माहेरी तरी असंच असतं. शनिवारी रात्री दोघंही, दुसरा काही करणार न्हाय असं मनाशी पक्कं धरून झोपले. आणि रविवारी सकाळी दोघांनीही आपापला प्लंबर बोलावला.

घर लांबुळकं होतं. पुढं रस्ता, मागं परस, परसात न्हाणी. न्हाणीचा पाइप बाजूच्या बोळातून जमिनीखालून पुढं रस्त्यापर्यंत यायचा आणि तिथल्या चेंबरात पडायचा. बोळात मधोमध पाण्याची भलीमोठी काळी टाकी ठेवलेली असल्यानं इकडून तिकडचं दिसत नसे. त्यात शेजारी पिठाची गिरणी. ती चालू असली की घराच्या एका टोकाचं बोलणं दुसऱ्या टोकाला ऐकू येत नसे, आणि रविवारी ती सकाळपासून चालू असे.

बलभीमरावांचा माणूस म्हणजे रामहरी. दोघं शाळेत एका बाकावर होते. रामहरी मोटारसायकलीवर बांबूची लांबलचक कामटी आडवी बांधून मागच्या गल्लीनं आला आणि परसातल्या दारातून थेट न्हाणीत शिरला. दैवशालाचा माणूस म्हणजे साजिद. त्याची धाकटी मुलगी दैवशालाच्या अंगणवाडीत होती. तो खांद्यावर लोखंडी तारेच्या स्प्रिंगचं वेटोळं टाकून पुढच्या रस्त्यानं आला आणि चेंबरचं झाकण उघडून तिथंच उकिडवा बसला.

रामहरीनं न्हाणीच्या मोरीत कामटी घातली. दोन हात आत गेल्यावर ती मऊ कशाला तरी टेकली.

"घावलं," रामहरी म्हणाला. "बोळा हाय. आता बघ, पाच मिनिटांत निकाल."

त्यानं जोर लावला. बोळा सरकला. हातभर गेला. बलभीमरावांनी समाधानानं मान हलवली. तेवढ्यात कामटी हळूहळू मागं यायला लागली. रामहरी धरून होता, तरी येत होती.

"तू वढतोस का रे?" बलभीमरावांनी विचारलं.

"म्या ढकलायलोय," रामहरी म्हणाला. त्याचा आवाज जरा उतरला होता. "आतून कुणीतरी मागं ढकलायलंय."

पुढं चेंबरपाशी साजिदचीही तीच गत झाली होती. त्याची स्प्रिंग आत जायची आणि जेवढी गेली तेवढीच परत यायची. त्यानं कपाळावरचा घाम पुसला.

"बाई, ह्यात कायतरी जित्तं हाय," तो दैवशालाला म्हणाला.

दैवशाला ओट्यावर तूर निवडत बसली होती. "घूस असंल," ती म्हणाली.

"घुशीत एवढी ताकद नसती. म्या नळदुर्गाला एका ढाब्यावर घूस काढलेली हाय. ती पळून जाती. हे सामने येऊन लढायलंय."

मागं रामहरीचं मत घोरपडीचं होतं. घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही, असं त्यानं ऐकलं होतं. खात्री करायला त्यानं पाइपावर पान्ह्यानं तीनदा ठोकलं. पुढं साजिदला आपल्या हाताखाली पाइपात टकटक जाणवली. तो दचकला, पण गडी धीराचा होता. त्यानंही उलट तीनदा ठोकलं.

रामहरीनं पाइपाला लावलेला हात काढून घेतला.

"बलभीम," तो हळू म्हणाला, "ह्याला मोजता येतंय."

बलभीमरावांना हे पटलं नाही. त्यांनी स्वतः पान्हा घेऊन चारदा ठोकलं. चारदा उत्तर आलं. मग ते दोघं न्हाणीच्या उंबऱ्यावर येऊन बसले.

"च्या पिऊ," रामहरी म्हणाला. "त्याबिगर डोस्कं चालायचं न्हाय."

तिकडं साजिदनंही तेच मागितलं होतं.

अशा रीतीनं बलभीमराव मागच्या दारानं आणि दैवशाला पुढच्या दारानं एकाच वेळी स्वयंपाकघरात आले. कुणी कुणाकडं पाहिलं नाही. शेगडीला दोन बर्नर होते. दैवशालानं डाव्यावर पातेलं ठेवलं, बलभीमरावांनी उजव्यावर. लग्न झाल्यापासून बलभीमरावांनी चहा केला नव्हता, त्यामुळं साखर कुठं असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. दैवशालानं साखरेचा डबा दोघांच्या मधे सरकवला.

मग बलभीमरावांनी तिरक्या नजरेनं पाहिलं. दैवशालानं दोन कप काढले होते.

एक तिचा. मग दुसरा कुणाचा? घरात आणखी कोण आहे? बिचारीनं मनातलं काढून टाकलं, आपणच अडून बसलोय, असं बलभीमरावांना वाटलं. बालूशाहीच्या जागी जिलेबी असती तर काय बिघडलं असतं?

त्याच क्षणी दैवशालानं पाहिलं, की नवऱ्यानंही दोन कप काढले आहेत. ज्या माणसानं पंचवीस वर्षांत शेगडी पेटवली नाही, तो आज आपल्यासाठी चहा करतोय. त्यातल्या एका कपाचा कान तुटलेला होता, आणि तो कप त्यांनी स्वतःच्या बाजूला ठेवला होता. तिला भरून आलं. तिनं पदर सारखा केला आणि उगीचच चहात आलं किसलं.

दोन्ही पातेली उकळली. दोघांनी गाळलं. दोघांनी कप भरले आणि दोघंही क्षणभर थांबले. दुसऱ्यानं कप पुढं करावा म्हणून दोघं वाट बघत होते.

कुणीच कप पुढं केला नाही. बलभीमरावांनी खाकरून आपले दोन कप उचलले आणि परसाकडं चालू लागले. दैवशालानं आपले दोन उचलले आणि ओट्याकडं गेली.

"दोन दोन कप एकटीच पिती," बलभीमराव परसात येऊन म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता. रामहरीला काही समजलं नाही. त्यानं चहा प्यायला. चहात साखरेचा नुसता पाक होता, पण त्यानं तसं म्हटलं नाही.

"माझ्यासमोर नाचवून घेऊन गेले," दैवशाला पुढं साजिदला म्हणाली. "माणूस म्हणावं का काय म्हणावं?"

"कोण, बाई?"

"कुणी न्हाय. तू तुझं काम कर. जोरात कर."

आता दोन्हीकडं राग होता. बलभीमरावांनी बाह्या सारल्या आणि रामहरीच्या मागं कामटीला हात लावला. पुढं दैवशालानं पदर खोचून साजिदची स्प्रिंग धरली. मधला बोळा एकदा पुढं जाई, एकदा मागं येई. रामहरी जोर लावताना तोंडानं शिव्या देई. त्या बोळ्यात गाळल्या जाऊन पुढं साजिदपर्यंत नुसती गुरगुर पोचे.

"ऐका, बाई," तो म्हणाला. "चिडलंय."

हे सगळं पहिल्यापासून एक माणूस नीट बघत होतं. बोळाच्या पलीकडं चन्नम्माचं घर. चन्नम्मा मूळची कर्नाटकात आळंदकडची, वयानं सत्तरीच्या पुढची. सगळी गल्ली तिला चन्नाक्का म्हणायची. ती गच्चीवर कुरडया वाळत घालत होती आणि तिथून तिला एकाच वेळी परसही दिसत होतं आणि रस्ताही. मागचे दोघं इकडून ढकलायलेत, पुढचे दोघं तिकडून ढकलायलेत, मग मागचे हरतात, मग पुढचे हरतात. तिनं कुरडयांचं काम अर्धं सोडून स्टूल आणलं आणि कठड्याशी बसली. शेवटी तिला हसू आवरेना. हसता हसता तिला ठसका लागला, तेव्हा बलभीमरावांनी वर पाहिलं.

"काय झालं, चन्नाक्का?"

चन्नाक्का जिना उतरून बोळात टाकीपाशी आली. तिथून ती दोन्हीकडं जाऊन, प्रत्येकाच्या कानाशी तोंड नेऊन तेच सांगून आली. "तिकडं बायकूचा माणूस ढकलायलाय, हिकडं नवऱ्याचा माणूस ढकलायलाय. मधी घोरपड बी न्हाय आन घूस बी न्हाय. तुमीच एकमेकाला ढकलायलाव."

बलभीमराव टाकीला वळसा घालून आले. दैवशाला तिकडून आली. चौघं एकमेकांसमोर उभे राहिले. रामहरीच्या हातात कामटी, साजिदच्या हातात स्प्रिंग.

"मग तुम्ही आधी का न्हाय सांगितलं?" बलभीमरावांनी चन्नाक्काला विचारलं.

"मला काय ठावं? मला वाटलं, प्लंबरात अशीच पद्धत असंल."

रामहरी साजिदकडं वळला. "चारदा तूच ठोकलास व्हय?"

"व्हय, चाचा. आधी तुमी ठोकलं."

"मला वाटलं, शिकलेली घोरपड हाय," रामहरी म्हणाला आणि कामटी घेऊन न्हाणीकडं परत गेला.

ठरलं असं, की रामहरीनं मागून ढकलायचं आणि साजिदनं स्प्रिंगचा आकडा बोळ्यात अडकवून पुढून ओढायचं. दोन्ही एकदम व्हायला पाहिजे. गिरणीच्या आवाजात इशारा द्यायचा कसा? बलभीमराव आणि दैवशाला यांनी आपापल्या टोकाला उभं राहून निरोप द्यायचा, हे उघड होतं. पण अबोला होता. त्यामुळं दोघांनीही चन्नाक्काकडं पाहिलं. ती पुन्हा गच्चीवर गेली.

साजिदनं आकडा अडकवून दैवशालाला खूण केली. दैवशालानं वर बघून दोन्ही हात पुढं रेटून दाखवले. चन्नाक्का कठड्यावरून परसाकडं वाकली आणि घाईत तिच्या तोंडून माहेरची भाषा आली.

"नूकु! नूकु!"

कानडीत नूकु म्हणजे ढकल. रामहरीला ऐकू आलं, नको, नको. त्यानं कामटी सोडून दिली. तिकडं साजिदनं जीव खाऊन ओढलं, आकडा सुटला, आणि तो स्प्रिंगसकट रस्त्यावर उताणा पडला. दुसऱ्या खेपेला चन्नाक्कानं खूण उलटी केली आणि दोघांनीही ओढलं. तिसऱ्या खेपेला तिला कुरडयांवर कावळा बसलेला दिसला.

"साकु, पुरे झालं," ती म्हणाली. "तुमचं तुमी बघा. माज्या कुरडया चालल्या." आणि ती कावळा हाकलायला गेली.

दैवशाला रस्त्यावर उभी होती. साजिदनं पुन्हा आकडा अडकवला होता आणि दात आवळून ताण धरला होता. हा आकडा निसटला तर साजिद पुन्हा येणार नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दैवशालानं छाती भरून श्वास घेतला आणि गिरणीच्याही वर जाईल अशा आवाजात ती ओरडायला गेली. नेमकी त्याच घडीला लाईट गेली. गिरणी थांबली. सगळी गल्ली एकदम चिडीचूप झाली, आणि त्या शांततेत तिचा आवाज पार तहसीलपर्यंत गेला.

"अहो, ढकला की!"

बलभीमरावांनी तो आवाज परसात ऐकला. किती तरी दिवसांनी तिनं त्यांना अहो म्हटलं होतं. त्यांनी रामहरीला बाजूला सारलं, कामटी स्वतः धरली आणि छाती लावून ढकलली.

"ढकललं गं!" ते ओरडले. "आलं का?"

"आलं, आलं! अजून जरा!"

पाइपात आधी ढेकर दिल्यासारखा आवाज झाला. मग बोळा सुटला आणि त्याच्यामागं साठलेलं सगळं पाणी सुटलं. साजिदला उठायला वेळ मिळाला नाही. ते काळं पाणी त्याच्या मांडीवरून रस्त्यावर गेलं आणि बोळा त्याच्या मांडीतच राहिला. पाहिलं तर घोसाळ्याची वाळकी जाळी होती, अंग घासायची. तिच्याभोवती केस आणि साबण गुंडाळून ती पपईएवढी झाली होती.

परसातून बलभीमराव आणि रामहरी धावत आले. सगळे ती जाळी बघत उभे राहिले.

"ही तुमची," दैवशाला नवऱ्याला म्हणाली.

"माझी कशी? मी दगडानं घासतो."

"दगडानं टाच घासता. पाठ कशानं घासता?"

"पाठ मी घासतच न्हाय. तुला ठाऊक हाय मी पाठ घासत न्हाय."

"हे तेवढं खरं हाय," दैवशालानं रामहरीला सांगितलं. "पण म्हणून ही माझी ठरत न्हाय. माझी निळी हाय, प्लॅस्टिकची. दाखवू का?"

"दाखव."

ती दाखवायला आत गेली, आणि ते पडताळायला तिच्या मागं गेले. आतून दोघांचे आवाज येत राहिले. साजिद नळापाशी पाय धुवायला गेला. रामहरीनं त्याला धुवायला पाणी ओतलं आणि विचारलं, ही स्प्रिंग कुठून आणलीस? साजिद म्हणाला, सोलापूरहून. मग दोघंही ओट्यावर बसून बराच वेळ स्प्रिंग चांगली की कामटी, यावर बोलत राहिले. दैवशालानं त्यांना थालीपीठ वाढलं, चहा मात्र विचारला नाही. साजिदची लुंगी वाळेपर्यंत त्याला बलभीमरावांची जुनी पँट दिली. ती त्याला घोट्याच्या वर येत होती.

दुपारी प्लंबर गेल्यावर बलभीमराव आंघोळीला बसले. पाणी अंगावरून मोरीत जात होतं आणि लगेच नाहीसं होत होतं. त्यांनी एक तांब्या नुसताच मोरीत ओतून पाहिला. मग आणखी एक.

"पाणी सांडू नका," बाहेरून दैवशाला म्हणाली.

"बघायलोय."

"बघून झालं असलं तर बाहेर या. जेवण थंड व्हायलंय."

"टॉवेल दे की."

"दारावर हाय."

टॉवेल दारावरच होता. बलभीमरावांनी तरी पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, टॉवेल मागितला. दैवशाला उठून आली आणि तो त्यांच्या हातात देऊन गेली.