सासऱ्याच्या अंगरख्यातला लावा

माझ्या सुनेने लाव्याच्या पिंजऱ्यावर फळी ठेवली ती मांजराच्या भीतीने. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तिच्याबद्दल कुणी वाकडं मनात आणायला नको. वाकडं बोलायला मी एकटी पुरेशी आहे.

आमच्या मार्गिलानात लाव्याचा पिंजरा वाळलेल्या भोपळ्याचा असतो, आणि वरून दोऱ्याची जाळी. लावा दचकला की सरळ वर उडी घेतो, तेव्हा डोकं मऊ जाळीलाच लागलं पाहिजे. इथल्या शेंबड्या पोराला हे ठाऊक असतं. पण माझी सून मावजुदा पडली ताश्कंदची, चौथ्या मजल्यावर वाढलेली. मांजराने जाळी फाडलेली दिसली, तशी तिने वर फळी ठेवली आणि फळीवर दगड. पहाटे फाटक वाजलं, लावा उडाला, आणि डोक्याची कातडी कपाळापासून मागे सोलून निघाली.

लावा आमच्या ह्यांचा. हिवाळ्यात ह्यांच्या अंगावरून वारं गेलं. बोलणं गेलं, उजवा हात गेला. हाताला व्यायाम म्हणून डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला होता, तो ह्यांनी खाटेखाली सोडून दिला. पण लाव्यापुढे राळ्याचे दाणे धरायला तोच हात वीतभर सरकायचा. पक्षी मेला असता तर हात पुन्हा उशीवर पडून राहिला असता, आणि हातामागोमाग माणूसही.

“तुमच्या ताश्कंदात पक्षी बरणीत घालून वर दडपण ठेवतात वाटतं, लोणच्यासारखे?” मी सुरुवात केली.

“बोला आई, मी ऐकतेय,” मावजुदा म्हणाली. “तेवढं कोमट पाणी आणि मीठ द्या.”

तिने कापसाने रक्त टिपलं, सोललेली कातडी बोटाने पुढे आणून जागेवर बसवली.  पक्षी कापत होता, आणि चोच उघडायला तयार नव्हता. आमच्याकडचे पुरुष लाव्याला अंगरख्यात छातीशी घेऊन बाजारभर हिंडतात. उबेने आणि काळजाच्या ठोक्यांनी तो शांत होतो. आता ह्यांना तर धड बसवत नाही, आणि मुलगा मालट्रक घेऊन गावोगाव.

“आई, बाबांचा अंगरखा मी घालू? त्या वासाची सवय आहे त्याला.”

सासऱ्यासमोर डोक्यावरचा रुमाल मागे सरकू न देणारी सून, आणि म्हणे सासऱ्याचा अंगरखा. मी खुंटीवरचा अंगरखा काढून तिच्या हातात टाकला. 

मग काय, तो कापूस भरलेला, गुडघ्याखाली जाणारा अंगरखा कमरेला बांधून ती अंगण झाडायची, कणीक तिंबायची, आणि छातीशी लावा. उकडलेल्या अंड्याचा बलक बोटाच्या टोकावर घेऊन भरवायची. दर थोड्या वेळाने ह्यांच्या खाटेशी जाऊन अंगरख्याची कड उघडून दाखवायची. हे बघायचे. हात मात्र हलायचा नाही.

भिंतीवरून शेजारच्या रिसोलतने मान काढलीच. “होसियत, तुझी सून सासऱ्याचे कपडे घालते म्हणे. उद्या दाढी लावेल.”

“लावू दे. तिला शोभेल. तू तुझं मांजर बांध आधी.”

मावजुदा कणकेवर वाकून हसत होती. मला दिसलं नाही असं तिला वाटलं.

जखम सुकली. डोकं टकलं झालं, पण चोच दाणे मागायला लागली. आणि एका पहाटे मी ह्यांना दूध पाजत होते, ती अंगण झाडत होती, तेवढ्यात अंगरख्यातून आवाज आला: पिट-पिलिक.

झाडू थांबला. पुन्हा: पिट-पिलिक.

इथले पुरुष लाव्याचे बोल बोटांवर मोजतात; बोल जितके जास्त, तितका लावा पक्का. उशीवरचा उजवा हात हळूच वर आला. एक बोट मिटलं. थांबलं. दुसरं अर्धं मिटलं. मी दुधाची वाटी तशीच धरून बसले. मग लावा गप्प झाला, आणि ह्यांनी वाकडं तोंड आणखी वाकडं करून म्हटलं, “कच्चा.”

हिवाळ्यानंतरचा पहिला शब्द, आणि तोही नावं ठेवणारा. नवरा कुणाचा आहे ते कळलंच.

“बाबा, टक्कल पडलंय त्याला, सांभाळून घ्या,” मावजुदा म्हणाली, आणि मग झाडू टाकून रडली. इतके दिवस रडली नव्हती.

त्या सकाळी चहा मी ओतला. आमच्याकडे ते सुनेचं काम. ज्याला मान द्यायचा त्याच्या पेल्यात थोडाच ओततात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. पेला भरून दिला, तर पाहुण्याने काय ते समजून उठायचं. मावजुदाच्या पेल्यात मी तळाशी दोन घोट ओतले.

ती पेल्याकडे बघत राहिली. “आई, एवढा मान नको हो.”

“पी. गार होतोय. नवी जाळी मी विणून ठेवली आहे, ती बांध. आणि ती फळी चुलीत घाल.”

तिने पेला रिकामा करून खाली ठेवला. मी पुन्हा ओतला, पुन्हा दोनच घोट.