उरलेला पर्याय

रविवारी कायद्याच्या कॉलेजची प्रवेशपरीक्षा होती, आणि तर्काच्या प्रश्नांत पोरगी पक्की तयार झाली होती. चुकीचे पर्याय तण उपटावं तसे उपटायची, उरेल त्यावर खूण करायची. पुस्तकाने पहिल्याच पानावर बजावलं होतं : दिलेलं तेवढंच खरं धरा, बाहेरचं काही आत आणू नका.

दुपारी दोनला बाप झोपेतून उठून तिच्या टेबलाशी आला. कापडाच्या गोदामावर तो रात्रीचा पहारेकरी. परवा रात्री तिथून तीन गठ्ठे चोरीला गेले होते, आणि आज चारला मॅनेजरसमोर त्याचा जबाब होता.

"वकिलीणबाई, जरा मॅनेजर व्हा," तो हसला. पण ओठ कोरडे पडले होते. "मी सांगतो, तुम्ही खोट काढा."

"बोला, पहारेकरी."

"दहाला कुलूप लावलं. किल्ली कमरेची हलली नाही. सकाळपर्यंत पापणीला पापणी लागली नाही."

"कुलूप तुटलं होतं?"

"ओरखडासुद्धा नाही."

"दुसरं दार? दुसरी किल्ली?"

"दार एक, किल्ली एक."

तिची पेन्सिल थांबली. ही सगळी विधानं एका घरात नांदेनात. एकाला तरी घराबाहेर काढावंच लागणार होतं. बाबा खोटं बोलत नाहीत, हे तिच्या हाडामासात भिनलेलं. पण ते बाहेरचं. आत आणायचं नव्हतं.

पर्याय दोनच उरत होते. त्यातला हलका तिने उचलला.

"बाबा, डोळा लागला होता ना? दमता हो तुम्ही. कुणीतरी किल्ली काढून घेतली असेल. हो म्हणा ना."

बापाने मान हलवली.

"नाही गं. जागाच होतो."

सरावाच्या पेपरात अशा वेळी हात कसा झटकन चालायचा! न विचारावं, तर बाप हेच घोकून चारला जाणार, आणि मॅनेजरही चार प्रश्नांत इथवरच पोचणार.

"किल्ली कुणाला दिलीत?"

"तुझ्या काकाला. पाऊण तासाचं काम म्हणाला. पाठचा भाऊ माझा. कसलं काम, ते मी विचारलंही नाही."

"चारला हेच सांगा."

"तो आत जाईल, पोरी. कदाचित मीही."

नाही हो बाबा, असं म्हणावंसं तिला फार वाटलं. म्हणता आलं नाही. तिने खुंटीवरचा शर्ट काढून त्याच्यापुढे उघडून धरला.

"मी येते बरोबर."

बापाने हात मागे नेला. बाही समोर होती, तरी हात काही आत जाईना.