भावी कॅप्टनच्या आईचा नवस

"नवस फेडायला उशीर करू नको गो. उशीर केलास की मधे माणसं येतात," माझी आई सांगायची.

रितेश दक्षिण आफ्रिकेला विमान चालवायला शिकायला गेला, तेव्हा मी ग्रामदेवीला बोलले होते, 'मुलगा पायलट झाला की अनवाणी कातळाचा सडा ओलांडून तुझी ओटी भरेन. तोवर हापूस तोंडात घालणार नाही.' रत्नागिरीत राहून असं बोलणं म्हणजे काय, ते इथल्यांनाच कळेल.

तो लायसन घेऊन परतला. हातखंब्याच्या नाक्यावर बॅनर लागला, 'कॅप्टन रितेश यांचे हार्दिक अभिनंदन'. रितेशचा फोटो लहान; माझे दीर रावजी देवस्थान समितीचे अध्यक्ष, त्यांचा मोठा. मी ओटीचं सामान काढलं, तोच रितेश म्हणाला, "आई, विमान कंपनीचा अर्ज पुढेच सरकत नाही. भारताच्या लायसनचा नंबर मागतात. आधी ते करून घ्यायला हवं."

"म्हणजे काय करायचं?"

"हे लायसन आम्हीच दिलं, असं तिकडच्या ऑफिसने दिल्लीला कळवायचं. तब्येतीची तपासणी इकडच्या डॉक्टरकडून. आणि परीक्षा. नियमांची, हवामानाची."

नियम देशादेशाचे वेगळे, हे मला पटलं. "पण हवामान? ढग काय पासपोर्ट घेऊन येतात?"

तो हसला. त्यानंतर बरेच दिवस हसला नाही.

संध्याकाळी रावजी भाऊजी आले. "वहिनी, ओटी ठेवून द्या. समितीत विषय झाला. इकडचं लायसन नाही, म्हणजे देवीच्या हद्दीत तो पायलट नाही."

"देवीने हरकत घेतली का?"

"देवी कशाला घेईल? समिती आहे ना!"

दुसऱ्या दिवशी बॅनरवर 'कॅप्टन'च्या आधी 'भावी' अशी पट्टी चिकटली. भाऊजींच्या नावाला पट्टी नव्हती. अध्यक्षपदाला परीक्षा नसते.

रितेश नियमांत पास झाला, हवामानात नापास. पुन्हा फॉर्म भरला. भाऊजींनी निरोप धाडला, "लायसन मिळालं तरी आधी नोकरीची ऑर्डर दाखवा." मी रोजचा जप चालू ठेवला. आंब्याच्या पेट्या दारावरून जात राहिल्या.

मग एका सकाळी मिरकरवाड्याहून यमुनाबाई मासे घेऊन आल्या. पायरीवर पाटी उतरवत म्हणाल्या, "काय रे, विमान चालवतोस ना आता?"

"नाही काकी," रितेश म्हणाला. "मी अजून कोणी नाही."

मी तुळशीला पाणी घालत होते. तांब्या हातातच राहिला. एकट्याने विमान आभाळात नेऊन सुखरूप खाली आणणारा माझा मुलगा, आणि तो कोणी नाही?

दुसऱ्या दिवशी पहाटेच पूजा आटोपली. खण, नारळ, तांदूळ आणि पिकलेला एक हापूस पिशवीत घातला. रितेश ढगांचं पुस्तक उघडून बसला होता.

"कुठे निघालीस?"

"देवीकडे. बोलले होते ना."

"अगं, पण माझं झालंय कुठे अजून?"

"पायलट झाला की, असं बोलले होते. कुठल्या सरकारचा, ते मी सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं. तिच्याकडचं तुझं झालंय, बाबा. दिल्लीचं तू बघ."

तो पुस्तक सरळ करून ताठ बसला.

शेजारी भाऊजींच्या घराच्या खिडक्या अजून बंद होत्या. मी चपला पायरीवर काढल्या, फाटकाची कडी न वाजवता सरकवली आणि सड्याची वाट धरली.