त्या दिवशी बटण कुणी दाबलं

या, असे जवळ या. मागे बसलात त्यांनीही पुढे सरका, जागा आहे. गाणं मागाहून होईलच, गळा काही कुठे पळून जात नाही. आधी एक गोष्ट ऐका. हिच्यात राजा नाही, राक्षस नाही. एक आई आहे, एक आजी आहे, एक पोर आहे आणि अंगठ्याएवढं एक काळं बटण आहे. गाडीच्या दारात असतं ना, एकदा दाबलं की चारही दारं टक्कन बंद होतात, ते. एवढ्याशा वस्तूत एका आईचा जीव कसा अडकला आणि कुणी सोडवला, ते सांगते.

गाड्यांची विजेची कामं करणारा एक माणूस होता. त्याला सगळे तारमास्तर म्हणत. पत्र्याची शेड, भिंतीवर खिळ्यांना टांगलेली वायरींची वेटोळी, कोपऱ्यात हवेचा पंप आणि गळ्यात दोरीने अडकवलेलं मीटर. देवळात जाताना तरी हे काढतोस का, असं बायको विचारायची. तो म्हणायचा, "तिथेही कधी दिवा लागत नसला तर?"

एका सकाळी त्याच्या शेडपुढे पांढरी गाडी येऊन थांबली. चालवणारी बाई उतरली. दार लावलं, उघडून पाहिलं, लावलं, पुन्हा उघडून पाहिलं. एक किल्ली तिच्या हातात होती आणि दुसरी मनगटाला नाडीने बांधलेली. मागच्या सीटवरून तिची सासू उतरली, कडेवर नात. नातीला घरात खारू म्हणत, कारण हाताला लागेल ती वस्तू ती आधी दातांनी तपासून पाही. आताही आजीच्या पदराचं टोक तिच्या तोंडात होतं.

"मास्तर," सून म्हणाली, "या दाराचं बटण तपासायचंय. आपोआप लॉक होतं का, बघायचंय."

"होतं का म्हणजे? होतं की नाही होतं?"

तिने सासूकडे पाहिलं. सासू खारूच्या तोंडातून पदर काढत होती.

"एकदा झालंय," सून म्हणाली. "म्हणजे... झालं असावं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गेल्या आठवड्यात भर दुपारी खारूला लस टोचायला न्यायचं होतं. सुनेने तिला मागे तिच्या छोट्या सीटवर पट्ट्यात बसवलं. पुढे बसून किल्ली लावली आणि तेवढ्यात आठवलं की पाण्याची बाटली पायरीवर राहिली. ती उतरली. दार मागे लोटलं गेलं. बाटली उचलते न उचलते तोच मागून आवाज आला, टक. चारही दारं बंद, काचा वर, किल्ली आत, आणि दुसरी किल्ली घरात कुठे ठेवली ते घाबरून आठवेना. आणि वर ऊन असं, की गाडीच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसावा.

खारू आधी हसली. तिला वाटलं आई काचेबाहेरून खेळतेय. मग रडली. मग तिचं रडणं कमी कमी होत गेलं. ते कमी होणंच सुनेच्या कानात बसलं होतं. समोरचा सुतार हातोडा घेऊन धावत आला आणि त्याने काच फोडली म्हणून पोर हाती लागलं. लाल झालेलं, केस चिंब, मान टाकलेली. देवाची कृपा, संध्याकाळी बिस्किट मागत होती. पण आईची झोप गेली ती गेली.

"उतरताना तुमचा हात लागला का बटणाला?" मास्तरने विचारलं.

"नाही," सून म्हणाली. मनगटावरची नाडी ओढत म्हणाली, "नसावा." आणि मग अगदी हळू, "आठवत नाही हो."

सासू मध्ये पडली. बाई वाईट नव्हती, हे आत्ताच सांगून ठेवते. "मी तिला दोष देत नाही, मास्तर. माझा मुलगा बोटीवर, महिनोन् महिने पाण्यावर. मी दिवसा पोर बघते, पण घर, नोकरी, रात्रीची जागरणं, सगळं हिच्या एकटीच्या अंगावर. परवा दूध उतू गेलं, हिला पत्ता नाही. त्याआधी नळ वाहत राहिला. डोकं थाऱ्यावर राहणार कसं? म्हणून म्हटलं, खारूला थोडे दिवस माझ्या गावी नेते. हिलाही विसावा."

"आणि आई म्हणाल्या ते मी कबूल केलंय," सून म्हणाली. "बटण बिघडलेलं निघालं, तर खारू माझ्याजवळ. बटण चांगलं निघालं, तर चूक माझी. मग ती आईंबरोबर आजच्याच बसने जाईल. तिची पिशवी डिकीत आहे."

दुसऱ्याच्या घरातली अशी वाक्यं ऐकली की माणसाला हातात काम हवं असतं. मास्तरने काम हातात घेतलं.

आता प्रत्येक कारागिराची पहिली हालचाल ठरलेली असते. गवई आधी खाकरतो, सुतार आधी पेन्सिल कानावरून काढतो. तारमास्तर आधी हवा मारायचा. पंपाची नळी घ्यायची आणि जिथे हात घालायचा तिथली धूळ फुर्र करून उडवायची, मगच पेचकस. त्याने दाराच्या हातटेकूवर, काचांच्या बटणांवर, त्या काळ्या बटणाच्या फटीत चांगली सणसणीत हवा मारली. खारू आवाजाने दचकली आणि मग खदखदून हसली.

नंतर त्याने हातटेकूचं झाकण उचकटलं, बटणामागचा प्लग सोडवला आणि मीटरच्या दोन सुया बटणाच्या मागच्या पिनांना लावल्या. बटण दाबलं की मीटर बीप करी. सोडलं की गप्प. दाबलं, बीप. सोडलं, गप्प. सून त्या बीपकडे अशी कान लावून उभी होती, जशी आत डॉक्टर कुणाला तपासतोय आणि ही दाराबाहेर आहे.

"बटण काम करतंय," मास्तर म्हणाला.

"म्हणजे चांगलं आहे?"

"आत्ता तरी चांगलं आहे."

सुनेची नजर डिकीकडे गेली. मास्तरने तिच्याकडे न बघता दार आणि गाडी यांच्यामधली रबरी नळी चाचपली. "दार रोज उघडबंद होतं, तेव्हा इथून जाणाऱ्या वायरी वाकतात. कधीकधी आतून तुटतात आणि एकमेकींना चिकटतात." त्याने दार पुढेमागे हलवलं, नळी पिळली, ओढली. एकही टक नाही. मग डॅशबोर्डखाली डोकं घालून दारांची वीज चालूबंद करणारा रिले पाहिला, त्यावर बोटाने टिचक्या मारल्या. तिथेही काही नाही.

"अहो, नीट बघा ना!" सून एकदम म्हणाली आणि लगेच ओशाळली. "तसं नाही. तुम्ही नीटच बघताय."

"ताई, बिघाड असला तर सापडेल. नसला तर मी कुठून आणू?"

खरं होतं ते. पण खरं असलेलं सगळंच काही सोसवत नाही.

सुनेने ओठ चावला. "मग आपण सगळं त्या दिवशीसारखं करू. अगदी तसंच."

मास्तरने प्लग जोडला, झाकण बसवलं. गाडी शेडबाहेर उन्हात काढली. खारूच्या सीटवर खारूला बसवायला कुणाचंच मन होईना, म्हणून तिचा कापडी ससा पट्ट्यात बसवला. एक कान खारूने चावून तोकडा केलेला. काचा वर, फुटलेलीच्या जागी बसवलेली नवीही. किल्ली जागेवर. सून पुढे बसली, उतरली, दार लोटलं आणि बाटली घ्यायला जावं तशी चार पावलं गेली. मनगटावरची किल्ली तिने मुठीत धरली होती.

सगळे थांबले. रस्त्यावरून एक पाण्याचा टँकर गेला. पत्र्यावर कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज येत होता. गाडी गप्प.

पुन्हा केलं. गाडी गप्प.

तिसऱ्यांदा सुनेने दार जरा जोरात लोटलं. ससा आतून काचेतून बघत होता. गाडी गप्प ती गप्पच.

"राहू दे गं," सासू म्हणाली. आवाजात विजय नव्हता, मायाच होती, आणि तीच सुनेला सोसली नाही. "होतं असं. माझ्याकडूनही मुलं लहान असताना काय काय झालं असेल. बसची वेळ होईल आता."

सून डिकीपाशी गेली. पिशवी काढली. पिशवीतून एका फ्रॉकची झालर बाहेर आली होती, ती तिने आत सारली. "झोपताना ती उजव्या कुशीवर झोपते," ती म्हणाली. "आणि पाणी फुलपात्रातून नाही पीत, त्या निळ्या कपातूनच पिते."

"मला माहीत नाही का?"

"माहीत आहे, आई. मी आपलं सांगते." आणि तिचा चेहरा असा झाला, की मास्तर उगाचच पंपाची नळी गुंडाळू लागला.

स्टँडवर जायचं तर याच गाडीने. म्हणजे खारू मागच्या सीटवर बसणार. आणि खारू गाडीत बसणार म्हटल्यावर आजीचा हात आपोआप आपल्या थैलीत गेला. थैलीत एक डबी असे. डबीत फडकं, औषधाच्या पाण्यात भिजवलेलं, जंतू मारतं ना, ते. खारूला रांगायच्या वयात जुलाब झाले होते, चांगले दवाखान्यात ठेवण्याइतके. तेव्हापासून आजीने व्रतच घेतलं होतं. पोर गाडीत बसायच्या आधी तिचा हात जिथे जिथे पोचेल ते सगळं पुसून काढायचं. सीट, पट्टा, दाराची कडी, बटणं. विशेषतः बटणं, कारण आईच्या मांडीवर बसली की खारू तीच चाखायची.

हात डबीवर पडला आणि तिथेच थांबला.

त्या दिवशीही पुसलं होतं. लस टोचायला दवाखान्यात जायचं म्हणून दोनदा पुसलं होतं. फडकं चांगलं निथळत होतं. पुसून ती आत देवापाशी बसायला गेली होती. आणि आज? आज घाईत सकाळी पुसायचं राहिलं होतं.

आता ऐका, गोष्ट इथेच आहे. आजीची पाठ सगळ्यांकडे होती. हात थैलीत होता. थैलीत काय चाललंय ते एक ती जाणे आणि दुसरा तो वरचा जाणे. डबी तशीच आत ठेवली असती तर बस येणार होती. नात मांडीवर येणार होती. रिकाम्या घरात पुन्हा पैंजण वाजणार होते. म्हाताऱ्या बाईला याहून काय हवं? आणि काही खोटं बोलायचंही नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

तिने खारूच्या टाळूचा वास घेतला. मग पोर सुनेच्या हातात दिलं.

"मास्तर," ती म्हणाली, "सगळं त्या दिवशीसारखं झालं नाही अजून. एक राहिलंय."

तिने डबी उघडली. पुढच्या दाराशी वाकली आणि त्या दिवशी पुसलं होतं तसंच पुसलं. कडी, हातटेकू, बटणं. काळ्या बटणाच्या फटीत फडक्याचं टोक बोटाने दाबून फिरवलं. पाण्याचा एक थेंब फटीत गेला, तो सगळ्यांनी पाहिला.

मास्तरच्या हातातली नळी गळून पडली. "आणि मी मूर्ख," तो पुटपुटला, "आल्या आल्या हवा मारली. जे काय ओलं राहिलं असेल ते मीच वाळवलं."

ससा आत होता. सुनेने खारूला छातीशी घट्ट धरून दार लोटलं.

काही नाही.

उन्हात पत्रा तडतडला. खारू आईच्या गळ्यातली साखळी चावू लागली. आजीचे ओठ हलत होते. ती काय मागत होती, बटण बिघडलेलं निघो की चांगलं निघो? मला विचाराल तर त्या घडीला तिचं तिलाही माहीत नसावं. नुसतं नाव घेत होती.

टक.

चारही दारांच्या खुंट्या एकदम खाली गेल्या.

सून खालीच बसली, मातीत, पोर मांडीत घेऊन. "मी नव्हते," ती म्हणाली. "आई, मी नव्हतं दाबलं." ती हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. खारूने ते पाणीही चाखून पाहिलं.

मास्तरने सुनेच्या मनगटावरच्या किल्लीने दार उघडलं, बटण काढलं आणि नखाने त्याचं पोट फोडलं. आत तांब्याच्या दोन पट्ट्या होत्या. त्यांच्यावर हिरवट बुरा चढला होता आणि बुऱ्यावर ताजं पाणी. "हे बघा. रोजच्या पुसण्याने आत गंज धरला. त्यात पाणी गेलं की दोन्ही पट्ट्या न दाबताच जुळतात. गाडीला वाटतं कुणीतरी बटण दाबलं. सुकलं की पुन्हा शहाण्यासारखं वागतं."

आजी त्या हिरव्या बुऱ्याकडे बघत राहिली. हातातलं फडकं तिने घडी घालून घालून अगदी लहान केलं होतं.

"म्हणजे मी," ती म्हणाली. "पोराला जपायला म्हणून मीच." मग फडकं डबीत कोंबून म्हणाली, "आता माझी पिशवी भरा. मला कुणाच्या गावी पाठवायचं ते ठरवा."

सून उठली. तिने खारूला पुन्हा आजीच्या कडेवर दिलं, मुद्दाम, मास्तरच्या देखत. "तुम्ही कुठे जात नाही," ती म्हणाली. "उद्या मी कामावर गेले की हिला कोण बघणार? फक्त ते फडकं जरा पिळत जा हो, आई."

"पिळते. चांगलं पिळते." आजी हसली, पण नजर वर झाली नाही. खारूने तिच्या पदराचं टोक शोधून काढलं आणि तोंडात घातलं. आजीने ते काढून घेतलं नाही.

मास्तरने नवं बटण बसवलं. आधी हवा मारायला त्याचा हात नळीकडे गेला होता, तो त्याने वाटेतच मागे घेतला. पिशवी पुन्हा डिकीत गेली. गाडी निघाली ती स्टँडकडे नाही, घराकडे. काचा चारही उघड्या. सुनेचा एक हात अजून मधूनमधून दाराच्या कडीकडे जात होता. भीती काही बटणासारखी बदलता येत नाही, तिला वेळ लागतो.

झाली गोष्ट. आता गाऊ आपण. पण एक मागणं आहे तुमच्याकडे. आज घरी जाऊन देवापुढे हात जोडाल, आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा त्या आजीचीही आठवण ठेवा. नाव ठाऊक नसलं तरी चालेल. जिचा हात थैलीत होता, जिला कुणी बघत नव्हतं आणि जिने डबी बाहेर काढली, ती आजी एवढं म्हणा. त्याला कळेल.