एका घंटीचा टँकर

बद्रीनाथचं डोकं त्या आठवड्यात नुसतं तापलेलं होतं. रस्ता रुंद करणाऱ्यांनी पडेगावात जेसीबी घातला आणि टेलिफोनची केबल पार उपटून ठेवली, त्यात त्याच्या घरचा फोन बंद पडला. जोडायला कुणाला सवड नाय. फोनवाले म्हणायचे रस्तेवाल्यांना विचारा, रस्तेवाले म्हणायचे फोनवाल्यांना. इकडं दुष्काळाचं दुसरं साल, वर एप्रिल महिना. माळावरच्या धनगरवस्तीला पाणी फक्त त्याच्या टँकरचं, आणि वस्तीला पाठ असलेला नंबर तेवढा एकच. तो मुका राहिला तर माणसं-जनावरं तहानेनं तडफडायची.

शेवटी पुतणी धावून आली. तनुजा इंजिनिअरिंगला होती. तिनं अर्जबिर्ज करून तो जुना नंबर इंटरनेटवर वळवून घेतला. नंबर तोच, पण आता वाजणार काकाच्या मोबाईलवर.

"काका, आता सगळा रस्ता खोदला तरी नंबर चालूच राहील," ती म्हणाली. बद्रीनाथचा जीव भांड्यात पडला.

गुलमंडीतल्या हॉटेलवाल्याचा फोन आला, नव्या फ्लॅटवाल्यांचे तर लागोपाठ आले. टँकर दिवसभर शहरातच पळू लागला. वस्तीचा मात्र एकही फोन नाय. मेंढरं घेऊन पैठणकडं उतरले असतील, असं त्यानं मनाला समजावलं, पण घास काही गोड लागेना.

पाचव्या दिवशी वस्तीवरची भागूबाई चालत दारात आली. ओठ सुकून गेलेले.

"फोन करायला काय झालं होतं, मावशी?" बद्रीनाथ तडकलाच.

"रोज केला की. आपली रीतच हाय ना, एक घंटी वाजली की आमी कापायचं, तुमी टँकर धाडायचा. आता घंटी वाजायच्या आदीच कोन बाई उचलती. म्हनती, नमस्कार, पाण्यासाठी एक दाबा. लोकाच्या घरी लागला म्हनून आमी कापतो."

तनुजानं घाईनं कॉम्प्युटर उघडला. वस्तीचा नंबर एकोणीस वेळा, दोन-दोन सेकंद. एकही कॉल मोबाईलपर्यंत पोचलाच नव्हता. तो स्वागताचा आवाज तिनंच हौसेनं बसवला होता. आणि मिसकॉलची रीत तिला सांगायचं बद्रीनाथच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता चिडायचं तरी कुणावर? त्याला स्वतःचाच संताप आला.

"मग आधीच का नाय आलीस गं?"

"म्हनलं, बद्रीभाऊ चुकायचा नाय. यील आज, यील उद्या."

"आत्ता निघतो. दोन टँकर आणतो."

"दोन कशाला?" भागूबाई खाली बसत म्हणाली. "कोकरं समदी गेली. आता अर्धा बी पुरं."