मध्ये न थांबता एक पान

जेवणाच्या टेबलावर आठ महिने कोणी जेवलं नव्हतं. तिथे मास्तरांचं यंत्र बसलं होतं. दोन रूळ, तीन मोटारी, वायरींचा गुंता, आणि एका कोपऱ्यात तळहाताएवढा हिरवा बोर्ड. हा बोर्ड म्हणजे यंत्राचा मेंदू. संगणकावर चित्र काढायचं, बोर्डाने ते वाचायचं आणि मोटारींनी ते लाकडात कापायचं, असं मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगत. आजवर त्या यंत्राने नीट कोरलेली गोष्ट एकच होती, मास्तरीणबाईंच्या कपाळावरची आठी.

मास्तर गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांची थोरली बहीण आक्का चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत होती. दुकान बंद करून ती भावाकडे राहायला आली, ती डोळ्यावरचं भिंग आणि चिमट्यांची पुरचुंडी घेऊनच. बोर्डाचे सुटे भाग पाकिटातून आले तेव्हा मास्तरांनी ते पाहिले आणि पाकीट पुन्हा बंद केलं. तिळाएवढे ठोकळे. फुंकर मारली तर शेजारच्या घरात सापडतील असे. आक्काने मात्र भिंग चढवलं, पंखा बंद केला आणि फर्मान काढलं, "छोट्या, या खोलीत शिंकायचं नाही. शिंक आली तर अंगणात जा." छोट्याचं वय त्रेसष्ट.

आणि मग ती बोर्डावर वाकली. चिमट्याचं टोक, कथील वितळवणाऱ्या डागणीचं टोक, धुराची एक बारीक रेघ. तोंडाने गुणगुणणं चालूच, कारण आक्काचा हात ओवीशिवाय स्थिर राहत नसे.

*तिळाएवढा गं जीव, चिमट्यानं धरियेला*
*श्वास माझा मी बाई, पदरात बांधियेला.*

असा तो बोर्ड तयार झाला. दिवे लागले, मोटारी फिरल्या, मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. फक्त काम पुरं होईना. यंत्र सुरू होई, छान चाले, आणि मध्येच थबकून पडद्यावर लाल अक्षरं दाखवी, 'मर्यादा गाठली'. रुळांच्या टोकाला एकेक बटण होतं. कापणारा हात तिथवर जाऊन बटणाला टेकला, की यंत्राने थांबायचं. पण हात असे रुळाच्या मधोमध, बटणापासून हातभर लांब, आणि बोर्ड ओरडे, टेकला, टेकला!

गुरुवारी सकाळी मास्तरीणबाईंनी यंत्रासमोर एक कागद ठेवला. त्यावर पेन्सिलीने एक पान काढलेलं होतं, पिंपळाचंही नाही आणि वडाचंही नाही, त्यांच्या हाताचं.

"रविवारी एक वाजता माझी ताई आणि भावजी जेवायला येणार आहेत," त्या म्हणाल्या. "ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. ती मांडीवर ताट घेऊन बसू शकत नाही आणि मी तिला इस्त्रीच्या टेबलावर वाढणार नाही."

"बरोबर आहे तुझं," मास्तर म्हणाले. बोर्डाकडे बघत म्हणाले.

"इकडे बघा. मी उशांच्या अभ्र्यांवर कापडाची पानं लावते. पुठ्ठ्याचा साचा चार अभ्र्यांत झिजतो. मला लाकडाचा साचा कापून द्या. एक पान. देठापासून टोकापर्यंत, मध्ये न थांबता. कापलंत, तर यंत्र इथेच राहील, ताईचं काय ते मी बघेन. नाही कापलंत, तर भंगारवाला. त्याला रविवारी अकराची वेळ दिली आहे."

"वेळ दिलीससुद्धा?"

"तो विचारत होता, वजन किती. मी म्हटलं, आठ महिने."

त्या शिवणाच्या खोलीत गेल्या. त्यांनाही रविवारपर्यंत चोवीस अभ्रे पुरे करून द्यायचे होते. भिंतीपलीकडून शिलाई मशीनचा खररर आवाज सुरू झाला.

पान कापायला अकरा मिनिटं लागणार होती. पहिलं पान तिसऱ्या मिनिटाला थांबलं. दुसरं देठावरच. तिसरं इतकं पुढे गेलं की मास्तर खुर्चीवरून अर्धे उठले, आणि टोक दोन बोटांवर असताना, मर्यादा गाठली! मास्तरांनी वायरी बदलल्या. प्रोग्रॅम काढून पुन्हा घातला, एकदा नाही, सहादा. मग इंटरनेटवरच्या यंत्रवेड्यांच्या मंडळात आपलं दुखणं मांडलं. त्या मंडळात प्रत्येक दुखण्यावर एकच काढा मिळे, "अर्थिंग तपासलंत का?" मास्तरांनी अर्थिंग तपासलं. उत्तम होतं. तसं त्यांनी कळवलं, तर उलट उत्तर आलं, "पुन्हा तपासा."

शुक्रवार संपेपर्यंत खिडकीच्या कट्ट्यावर सतरा अर्धी पानं जमली होती. आक्काने ती हौसेने ओळीत मांडली.

*अर्ध्या पानांचं झाड, माझ्या गं खिडकीवरी*
*अर्धं पाखरू येईना, बसाया फांदीवरी.*

"आक्का, जखमेवर मीठ चोळू नकोस," मास्तर म्हणाले.

"मीठ कुठलं रे, मी फुंकर घालतेय. तुला फरक कळत नाही, त्याला मी काय करू?"

शनिवारी दुपारी आक्का खुर्चीत डोळे मिटून बसली होती. झोप लागलीय असं वाटावं अशी. पण आक्का घड्याळाचं दुखणं नेहमी डोळे मिटूनच ओळखायची. यंत्र कापत होतं, गुंऽऽऽ. पलीकडे शिवण चालू झालं, खररर. यंत्र थांबलं. मास्तरांनी ते पुन्हा सुरू केलं. गुंऽऽऽ. पलीकडे शांत. बराच वेळ शांत. मग खररर, आणि यंत्र पुन्हा थांबलं.

आक्काने एक डोळा उघडला. "छोट्या, तुझं यंत्र तुझ्या बायकोला घाबरतं."

"तो मालकाचा गुण उतरलाय."

"थट्टा नाही. ती शिलाई मशीनचा पायटा दाबते आणि हे थांबतं. ऐक."

दोघांनी ऐकलं. तीनदा ऐकलं. शंकाच उरली नाही. शिलाई मशीनची मोटर जुनी, आतल्या आत ठिणग्या उडवणारी. तिच्या ठिणग्यांची झळ बटणाच्या लांबलचक वायरीला लागत होती आणि बोर्डाला वाटत होतं की बटण दाबलं गेलं. मास्तरांचा चेहरा आनंदाने उजळला आणि लगेच पडला. "तिला सांगणार कोण, की बाई, तू शिवू नकोस, माझं यंत्र चाललंय?"

"सांगायचं कशाला? अकरा मिनिटं तर हवीत. अडकवते मी तिला."

आक्का शिवणाच्या खोलीच्या दारात गेली. "अगं, एवढा सुईत दोरा ओवून देतेस?"

मास्तरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "वन्सं, केसाएवढी स्प्रिंग तुम्ही नुसत्या चाचपून बसवता, आणि तुम्हाला सुईचं नाक दिसत नाही?"

"आज जरा धुरकट दिसतंय."

दोरा सहा सेकंदांत ओवून झाला. मग आक्काला चक्कर आली. तिला पाणी मिळालं, उशीही मिळाली, पण उशीचा अभ्रा अपुरा होता म्हणून मास्तरीणबाई तो शिवायला बसल्या. मास्तरांनी दोऱ्याची बॉबिन लपवली. मास्तरीणबाईंच्या डबीत आणखी अकरा होत्या. शेवटी मास्तर स्वतः दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चल, जरा गच्चीत जाऊन येऊ. हवा छान आहे."

हे ऐकल्यावर मात्र मास्तरीणबाईंनी मशीन थांबवलं. "लग्नाला छत्तीस वर्षं झाली," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि तुम्हाला आज हवा दिसली? खरं काय ते सांगा."

खरं सांगावं लागलं. मास्तरीणबाईंनी त्यांना यंत्र सुरू करायला लावलं. पायट्यावर पाय ठेवला आणि दारातून वाकून पाहिलं. यंत्र थांबलं. मास्तरांनी धावत जाऊन ते सुरू केलं. त्यांनी पुन्हा पाय ठेवला. थांबलं. पुन्हा. थांबलं. चौथ्या वेळी मास्तर धापा टाकत होते आणि त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या.

"आठ महिने मी घसा फोडून ओरडले, तेव्हा ढिम्म हललं नाही, आणि नुसता पाय ठेवला तर गप्प!"

"मग अकरा मिनिटं तू जर..."

"अंहं." हसू विरलं. "माझं मशीन तुमच्या मशीनसाठी थांबणार नाही. तेवीस वर्षं ते या घरात काम करतंय. याने अजून एक पान कापलेलं नाही. दोन्ही चालू असताना कापेल, तरच राहील."

ती गंमत नव्हती, हे मास्तरांना कळलं. आणि त्या म्हणत होत्या ते बरोबर होतं, हेही कळलं. ते जाऊन बोर्डाचा नकाशा उघडून बसले. नकाशात बटणाच्या वाटेवर एक इवलासा भाग काढलेला होता. कपॅसिटर. असे भटके झटके आले की ते गिळून टाकायचे, एवढंच त्याचं काम. बोर्डावर तो होता. मास्तरांनी बोट ठेवून आक्काला दाखवला. "हा बघ, दारावरचा राखणदार. आहे की जागेवर. मग झटके आत येतात कसे?"

आक्काने भिंग चढवलं. पाहिलं. आणि पहिल्यांदाच तिचं गुणगुणणं थांबलं.

"छोट्या," ती हळू म्हणाली, "हे कुठल्या वाटीतले?"

"पिंगट वाटीतले. तूच तर सगळे भाग वाट्यांत नीट लावून ठेवले होतेस."

"हो. लावले होते. ते कागदाच्या पट्ट्यांत चिकटवून आले होते. म्हटलं, हे काय, सुटे भाग असे ठेवतात का कधी? घड्याळाचं चाक बघितलं की कळतं कुठलं ते. म्हणून सगळे सोडवले आणि सारखे दिसणारे एकत्र ठेवले. काळे काळ्यांत, पिंगट पिंगटांत."

मास्तरांनी डोळे मिटले. काळ्यांवर आकडे छापलेले असतात. पिंगटांवर काहीच नसतं. त्यांचं नाव, गाव, ताकद सगळं त्या कागदी पट्टीवर लिहिलेलं असतं, आणि पट्ट्या आठ महिन्यांपूर्वी केरात गेल्या होत्या. त्यांनी तो ठोकळा काढला, मीटरला लावला. जिथे राखणदार हवा होता तिथे त्याच्याहून दहा हजारपट दुबळा कुणी उभा होता, त्याच अंगाचा, त्याच रंगाचा.

आक्का मान खाली घालून बसली. "म्हणजे तुझे आठ महिने मी..."

"मीपण त्याच वाटीतून दिले तुला," मास्तर म्हणाले. "एकदाही मोजून बघितलं नाही. मी, गणिताचा मास्तर."

दारात उभ्या मास्तरीणबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या आत आल्या, आक्काच्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाल्या, "वन्सं, चहा घ्या. आणि यांना म्हणावं, आता तरी मोजा."

पिंगट वाटीत एकेचाळीस तीळ होते. रविवारी सकाळी मास्तरांनी एकेक मीटरला लावला. त्यांना अठ्ठाविसावा हवा तसा सापडला, तेव्हा दाराशी भंगारवाला तराजू घेऊन उभा होता. अकरा वाजले होते.

"माल कुठे आहे?" त्याने विचारलं.

"त्या मालाचं ऑपरेशन चाललंय," मास्तरीणबाई म्हणाल्या. "बसा. शिंकू मात्र नका."

आक्काने बोर्डावर, कथील नीट धरावं म्हणून, फ्लक्सचा चिकट थेंब लावला. चिमट्याने तीळ उचलला, ठेवला, एका बाजूला डागणी टेकवली. तीळ ताडकन एका पायावर उभा राहिला, तपश्चर्या करत असल्यासारखा. आक्काचा हात थरथरत होता. कालपासून तिने एक ओळ गुणगुणली नव्हती.

"वन्सं," मास्तरीणबाई म्हणाल्या, "गाणं म्हणा की. तुम्ही गप्प असलात की मलासुद्धा टाका नीट पडत नाही."

आक्काने त्यांच्याकडे पाहिलं. मग घसा खाकरला, आणि ओठांतून ओवी आली तसा हात स्थिरावला. तीळ आडवा झाला. आधी एक बाजू, मग दुसरी. धुराची रेघ वर गेली.

भंगारवाला मान पुढे काढून बघत होता. "कथील चांगलं धरलंय," तो जाणकारपणे म्हणाला. "चकाकतंय. आजी, दुकान आहे का तुमचं?"

यंत्र सुरू झालं. गुंऽऽऽ. मास्तरीणबाई शिवणाच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी पायटा दाबला. हळू नाही, पूर्ण पायाने दाबला. खररर! मास्तरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. यंत्र कापत राहिलं. शिवण चालू, बंद, चालू. त्या मुद्दाम छळत होत्या, हे भिंतीपलीकडून कळत होतं. देठ झालं. डावी कड झाली. टोकाचं वळण आलं. भंगारवाल्याने तराजू खाली ठेवला होता. आक्काचा आवाज आता मोकळा झाला होता.

*भावजय मारी टाका, भाऊ गं कापी पान*
*दोघांच्या मधी उभा, तीळ तो पहिलवान.*

अकरा मिनिटांनी कापणारा हात वर उठला आणि लाकडातून एक पान सुटून पडलं. पूर्ण पान.

मास्तरीणबाईंनी ते उचललं. कडेवरून बोट फिरवलं. देठापासून टोकापर्यंत, टोकापासून देठापर्यंत. मग म्हणाल्या, "छान झालंय हो."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते धुराने आलं असं त्यांनी सांगितलं.

"तर हे इथेच राहणार, बोलल्याप्रमाणे?" त्यांनी विचारलं.

"बोलल्याप्रमाणे इथे राहू शकतं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पण मला असं लहान पान हवंय, मधलं हवंय, मग एक फूल, त्याची कळी. चोवीस अभ्र्यांची पुढची खेप आहे. दर वेळी मी इकडून तिकडे धावू का? हे माझ्या खोलीत, माझ्या मशीनशेजारी बरं पडेल. आता तर दोघांचं पटतंसुद्धा." त्या भंगारवाल्याकडे वळल्या. "आलाच आहात तर त्या बाजूने धरता का?"

भंगारवाल्याने एका बाजूने धरलं, मास्तरांनी दुसऱ्या. पावणेबाराला यंत्र शिवणाच्या खोलीत गेलं. एक वाजता ताई पाय लांब करून, ऐसपैस, जेवणाच्या टेबलाशी बसली होती.

सगळ्यांची जेवणं झाली तशी भिंतीपलीकडे गुंऽऽऽ सुरू झालं. मास्तर हात धुऊन त्या दारापाशी गेले. दार लोटलेलं होतं. त्यांनी हलकेच टिचकी मारली.

"आत येऊ?"

"या," आतून मास्तरीणबाईंचा आवाज आला. "चप्पल बाहेर. आणि शिंकायचं नाही."