कुरकुरणारी जोडखुर्ची

मी एक जुनी जोडखुर्ची आहे. मित्रांनो, आज तुम्ही आलात तर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठच्या एका लाकडी घराच्या व्हरांड्यात, छताच्या तुळईला टांगलेली मी तुम्हाला दिसेन. माझा हिरवा रंग उडाला आहे, पाठीच्या फळ्या बदलाव्या लागल्या आहेत, आणि झुलताना मी इतकी कुरकुरते की पायरीवर झोपलेलं मांजर वैतागून उठून जातं. पण मला पाहून नाक मुरडू नका. मी काही बाजारातून आणलेला झोपाळा नाही. ऐन उमेदीत मी माणसांना हवेतून टेकडीवर नेलं आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. लोखंडी नळ्या वाकवून माझा सांगाडा केला, त्यावर दोन माणसांपुरत्या फळ्या ठोकल्या, रंग दिला आणि पाठीवर पांढऱ्या अक्षरांत आकडा काढला, सत्तावीस. मग मला आणि माझ्या बहिणींना गावच्या टेकडीवर पोलादी दोराला टांगलं. दोर अखंड फिरायचा आणि आम्ही त्याच्याबरोबर. खाली वळण घेऊन यायचं, पायात स्की, म्हणजे बर्फावरून घसरायच्या लांब पट्ट्या, चढवून उभ्या असलेल्या दोघांच्या गुडघ्यांमागे टेकायचं, त्यांना उचलायचं आणि वर नेऊन सोडायचं. आम्ही कोणासाठी थांबत नसू. बसणाऱ्यानेच वेळ साधायची असे.

हे काम मला फार आवडायचं. जमिनीपासून उंच लटकलेल्या दोन माणसांना एकमेकांना सोडून कुठे जाता येत नाही, त्यामुळे ती खरं बोलू लागतात. कितीतरी भांडणं माझ्यावर बसून मिटली. काही माझ्यावरच सुरू झाली, तेही सांगितलं पाहिजे.

एका रविवारी रांगेत खूप गर्दी होती. जोडीदार नसलेल्याने हाक मारून दुसरा एकटा शोधायचा, ही आमच्या टेकडीची रीत. आर्वो नावाचा एक उंच तरुण घसा फाडून ओरडत होता, “एकटं कोणी आहे का? एकटं?”

“मी आहे,” लाल टोपीतली एक मुलगी पुढे आली. “पण जरा हळू. बहिरी नाहीये मी.”

ती तैमी. दोघं माझ्यावर बसली. वर पोचेपर्यंत तिने त्याला वेड्यात काढलं होतं आणि तो तिच्या प्रेमात पडला होता. पुढच्याच वर्षी त्यांचं लग्न झालं.

दिवस सरले. टेकडीवर चार माणसांच्या चकचकीत खुर्च्या आल्या आणि आम्हाला खाली उतरवलं. आमच्याकडे जुन्या खुर्च्या भंगारात घालत नाहीत, चिठ्ठ्या टाकून गावकऱ्यांना विकतात. आर्वोने सत्तावीस नंबरसाठी इतका धोशा लावला की लोकांनी कंटाळून त्याला चिठ्ठीशिवायच मला देऊन टाकलं. त्याने मला इथे टांगलं आणि “उद्या तेल घालतो हं,” म्हणाला. मित्रांनो, तो उद्या काही उजाडला नाही. माझा सांधा गंजला, मी कुरकुरू लागले. पायरीवरच्या मांजराच्यासुद्धा शिव्या मी खाल्ल्या. मनात यायचं, आपले दिवस भरले.

आणि मग तैमीचे डोळे गेले.

पुरते नाही. कडेचं धूसर दिसायचं, समोरचं मधलं पुसून गेलं होतं. तैमी म्हणजे गावच्या शाळेची बस चालवणारी बाई. आमच्याकडचा बर्फ दाराच्या वरपर्यंत चढतो, त्यातून तिने गावची पोरं वर्षानुवर्षं सुखरूप नेली आणि आणली. आता ती स्वतः आर्वोच्या कोपराला धरून पायऱ्या उतरू लागली. दोन हिवाळे तिने स्कीला हात लावला नाही. संध्याकाळी दोघं माझ्यावर बसून कॉफी घ्यायची आणि ती बराच वेळ काही बोलायची नाही. मला तिचं हे गप्प बसणं सोसवत नसे.

शरद ऋतूत एकदा ती अचानक म्हणाली, “आर्वो, लग्नाला चाळीस वर्षं होतील. आपण दोघं डोंगरावर जाऊया. मला एकदा खरा डोंगर उतरायचाय. तू पुढून आवाज दे, मी मागून येते.”

आर्वोला आनंदही झाला आणि घामही फुटला. दुसऱ्या दिवसापासून तो रोज माझ्यावर बसून तिला एकेका ठिकाणाची माहिती वाचून दाखवू लागला. कोलोरॅडोचं वाचताना त्याचा आवाज साखरेत घोळल्यासारखा व्हायचा. तिथे डोंगरावर जायला खुर्च्यांऐवजी काचेचे बंद डबे होते. चालत आत शिरायचं, गादीवर बसायचं, वर गेल्यावर चालत बाहेर यायचं. कॅनडातल्या क्वेबेकचं वाचताना तो चीज आणि रस्सा घातलेल्या बटाट्यांवरच घुटमळायचा.

“तिकडे तू खायलाच जाशील,” तैमी म्हणाली. “पुढचं वाच.”

“हे बॅन्फ. इथले डोंगर म्हणे नुसते बघत राहावेत असे...” आर्वो एकदम थांबला.

“वाच ना. माझ्या वाटणीचं तू बघ,” ती हसली. “आणि ते मोंटानाचं का राहतंय रोज?”

मोंटानाचं वाचायची वेळ आली की आर्वोला खोकला यायचा. तो एक जुना, आडबाजूचा डोंगर होता. लग्न झाल्यापासून दोघं तिथे जायचं म्हणत होती आणि दर हिवाळ्यात काहीतरी आडवं येत होतं. तिथे अजून जोडखुर्च्या होत्या, अगदी माझ्यासारख्या, कोणासाठी न थांबणाऱ्या. हे ऐकून माझ्या गंजलेल्या नळ्यांत जीव आला.

“तिथे नको,” आर्वो म्हणाला. “त्या खुर्चीत बसताना चुकलीस तर पाय मोडेल. कोलोरॅडोला जाऊ. डबा सुरक्षित असतो.”

“मी काय लोणचं आहे का डब्यात भरून न्यायला?” तैमी ताडकन उठली. “खुर्चीत मी आणि तू, दोघंच. तशी सुरुवात झाली आपली. तसं जमणार नसेल तर मला कुठेच न्यायचं नाही. इथे बसते मी खिडकीशी, तू जेवण आणून दे, म्हणजे झालं!”

ती आत गेली आणि दार धाडकन आपटलं. आर्वो डोकं धरून माझ्यावर बसून राहिला. तो वाईट नव्हता, मित्रांनो. त्याला भीती वाटत होती. पण ती पुन्हा खिडकीशी बसली तर कायमची बसेल, हे मला कळत होतं, आणि मला तोंड नव्हतं.

तोंड होतं ते शेजारच्या क्लेमला. क्लेमने आमच्या टेकडीवर खालच्या थांब्यावर उभं राहून लोकांना खुर्च्यांत बसवण्याचं काम केलं होतं. तो गरम पेस्ट्या, म्हणजे मांसबटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, घेऊन आला आणि सगळी रामकहाणी ऐकून घेतली.

“एवढंच?” तो तोंडात घास घेऊन म्हणाला. “अरे, खुर्ची इथे टांगलेली आहे. तिला सराव करू दे की!”

“पेस्टीवर रस्सा ओतणाऱ्या माणसाचा सल्ला घेऊ मी?” आर्वो करवादला. आमच्या गावात पेस्टीवर टोमॅटो सॉस घालणारे आणि रस्सा ओतणारे यांचं जन्माचं वैर आहे.

“मी घेते,” तैमी दारातून म्हणाली. “रस्सा ओतला म्हणून काय झालं, खुर्च्या त्याने हलवल्या आहेत.”

व्हरांड्यात जुना गालिचा अंथरला. तैमी आणि आर्वो स्की चढवून शेजारी शेजारी उभी राहिली. क्लेमने मला मागे ओढून धरलं आणि सोडलं. कित्येक वर्षांनी मी कामावर निघाले होते! मी मोठ्याने कुरकुरत पुढे गेले. तेवढ्यात आर्वोने घाबरून तैमीचं कोपर धरलं आणि स्वतःकडे ओढलं. ती वाकडी वळली, माझी कड तिच्या मांडीवर बसली आणि ती गालिच्यावर आडवी झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“संपलं,” आर्वो म्हणाला. “कोलोरॅडो.”

तैमी खालूनच म्हणाली, “मला खुर्चीने नाही पाडलं. तू पाडलंस.”

“मी? मी तर सावरत होतो तुला!”

“तेच सांगते. खुर्ची मला ऐकू येत होती. कुरकुरत कुठून येते, किती जवळ आली, सगळं कळत होतं. मग तू हात घातलास आणि मला फक्त तूच कळायला लागलास. हात काढ, आर्वो. तोंडाने सांग.”

क्लेमने मिशीत हसून मला पुन्हा मागे ओढलं. आर्वोने दोन्ही हात पाठीमागे बांधले. ते बांधलेले ठेवणं त्याला किती जड गेलं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. “येतेय... येतेय... बस!” तो पुटपुटला.

“मोठ्याने!” तैमी ओरडली. “रांगेत कसा बोंबलायचास!”

“बस!”

आणि ती बसली. अलगद, नेमकी मधोमध. मित्रांनो, मला राजसिंहासन झाल्यासारखं वाटलं.

त्यानंतर रोज सराव चालला. कधी चुकायची, बहुतेक वेळा साधायची. एकदा आर्वो खरंच तेलाची बाटली घेऊन आला तर तैमी खेकसली, “खबरदार! ती बोलते म्हणून मला कळतं.” ज्या कुरकुरीची मला लाज वाटत आली होती, तीच तिच्या कामाची ठरली होती. त्या संध्याकाळी आर्वोने स्वतःहून मोंटानाचं पान उघडलं आणि न खोकता शेवटपर्यंत वाचलं.

फेब्रुवारीत दोघं निघाली. मी एकटीच राहिले. बर्फ माझ्या मांडीवर साचला, आणि मला एकच घोर लागला, तिकडची खुर्ची बोलते का? तिला कोणी भरपूर तेल घातलं असलं तर?

एका सकाळी क्लेम छतावरचा बर्फ ओढायला आला असताना त्याचा फोन वाजला. त्याने माझ्यावरचा बर्फ झटकला, बसला आणि फोन मांडीवर ठेवून त्याचा आवाज मोठा केला.

“क्लेम, फोन माझ्या खिशात आहे!” तैमीचा आवाज आला. “आम्ही रांगेत उभे आहोत. खुर्च्या ऐक!”

आणि मी ऐकलं. लांबून, कर्र, कर्र, कर्र. माझ्याच जातीच्या होत्या त्या. बोलत होत्या!

“येतेय...” हा आर्वो. “येतेय... बस!”

धप्प असा आवाज झाला. मग दुसरा धप्प. मग कोणीतरी ओरडलं, “थांबवा! एक माणूस पडला!” क्लेमने माझी दांडी घट्ट धरली. लगेच आर्वोची आरोळी आली, गावच्या रांगेत येत असे तशी, “थांबवू नको! ती बसलीये! जाऊ दे तिला!”

क्लेम ओरडला, “तैमी! काय झालं?”

तिला हसू आवरत नव्हतं. “मी बसले! आर्वो माझ्याकडे बघत बसला आणि त्याचीच खुर्ची हुकली! बर्फात पडलाय तो! क्लेम, मी एकटी वर चाललेय!”

क्लेमचा चेहरा पांढरा पडला. “आणि उतरणार कशी?”

पलीकडे वाऱ्याचा आवाज होता आणि चाकांवरून दोर सरकल्याचा खडखडाट. मला तो पाठ होता. मग मागून, खूप मागून, हाक आली. “तैमी! मी मागच्या खुर्चीत आहे! तुला पाहतोय!”

“ओरडत राहा, आर्वो!” ती म्हणाली. “आज कितीही ओरड!”

तो ओरडत राहिला. खांब आला, खांब गेला. झाडं संपली. “दांडी वर कर! स्कींची टोकं वर! अजून नाही... अजून नाही...” क्लेम श्वास रोखून बसला होता आणि मीही हलत नव्हते. आर्वो तिच्यापासून एका खुर्चीच्या अंतरावर होता. त्याचा हात पोचण्यासारखाच नव्हता. होता तो फक्त त्याचा आवाज.

“उठ!”

खरखर, सरसर, आणि मग काहीच नाही. क्लेमने डोळे मिटले.

“उभी आहे!” तैमीची आरोळी आली. “क्लेम, मी माझ्या पायांवर उभी आहे!” तिच्यामागे अनोळखी माणसं टाळ्या वाजवत होती. मग कोणीतरी येऊन तिला बिलगलं आणि फोनमध्ये फक्त रडणं आणि हसणं ऐकू आलं, कोणाचं कुठलं ते कळेना. क्लेम उठून व्हरांड्यात नाचला. जाताना त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, “शाबास, सत्तावीस!” एवढं कौतुक माझ्या वाट्याला उमेदीच्या काळातही आलं नव्हतं.

ती दोघं परत आली तेव्हा चष्म्याच्या जागा सोडून दोघांचे चेहरे उन्हाने रापले होते. डोंगरावर पाठीला लावलेला नारिंगी कपडा, “दृष्टिहीन” असं मोठ्या अक्षरांत लिहिलेला, तैमीने माझ्या दांडीला बांधला. मग ती वळली, मागे हात न लावता, न चाचपता, सरळ माझ्यावर बसली. आर्वो शेजारी बसला. तिचं कोपर धरण्यासाठी त्याचा हात उचलला गेला. मग त्याने तो हळूच स्वतःच्या मांडीवर ठेवला. ते पाहून तैमीनेच त्याचा हात हातात घेतला.

“पुढच्या वर्षी क्वेबेक,” ती म्हणाली.

“मोंटाना! मला एकदा धड बसायचंय त्या खुर्चीत.”

“आधी इथे सराव कर,” ती म्हणाली, आणि मी आनंदाने कुरकुरले.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणाची नजर कमी होईल, कोणाचे गुडघे थकतील. त्यांना जपा, पण त्यांचं कोपर धरून ठेवू नका. जवळ उभे राहा, त्यांना ऐकू येईल असं सांगा, आणि बसायचं त्यांचं त्यांना बसू द्या. जुन्या वस्तूही टाकू नका. त्यांना वेळच्या वेळी तेल घाला.

मला तेवढं घालू नका. तैमीला मी ऐकू आले पाहिजे.